अळंबीने थकवा जातो का?

पाऊस धरला, आषाढात पश्चिमेच्या डोंगरांवर ढग उतरले, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो. "डॉक्टर, अळंबी खाल्ली की अंगात ताकद येते म्हणतात, खरं का?" पूर्वी हा प्रश्न आहुपे, तळेघर, आपटाळे अशा डोंगराकडच्या भागातली माणसे विचारीत. अलीकडे जुन्नर, नारायणगाव, मंचरच्या बाजारपेठेतली माणसेही विचारू लागली आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या हातात अळंबीऐवजी बाटली असते. बाटलीवर तांबूस छत्रीचे चित्र आणि आत कॅप्सूल. थकवा, मधुमेह, सांधेदुखी, रक्तदाब या सगळ्यांवर हाच एक उपाय, असे सोबतच्या कागदावर छापलेले असते. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतो आहे.

आधी एका बाईंची हकिकत सांगतो. वय पस्तीसच्या आसपास. गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. दरवर्षी कांदा लागणीच्या हंगामात नारायणगावकडे मजुरीला येणाऱ्यांपैकी त्या एक. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, दिवसभर वाकून लागण करायची, संध्याकाळी पालावर येऊन पुन्हा चूल. माघ महिन्यात नवरा त्यांना घेऊन आला. "हंडा घेऊन पालावर येईस्तोवर दोनदा टेकावं लागतं," त्या म्हणाल्या. "जिवात जीव नाही." नवऱ्याने पिशवीतून तीन रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. कोणीतरी ओळखीच्या माणसाने दिलेल्या, मशरूमच्या कॅप्सूल. एका बाटलीची किंमत म्हणजे दोघांची मिळून तीन-चार दिवसांची मजुरी. तीन महिने नेमाने घेतल्या आणि थकवा वाढतच गेला.

मी त्यांची पापणी खाली ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा. जीभ गुळगुळीत, नखे चपटी. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६.२. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते किमान १२ असावे लागते. म्हणजे निम्म्या रक्तावर त्या दिवसभर वाकून काम करीत होत्या. हृदय दुप्पट वेगाने धावून ती उणीव भरून काढत होते, म्हणून चढ चढताना धाप लागत होती. विचारल्यावर कळले, की दोन वर्षांपासून पाळी आठ-आठ दिवस चालते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

थकवा ही एक तक्रार आहे, त्याच्यामागे रोग वेगवेगळे असतात. कॅप्सूल विकणारा माणूस तक्रारीला औषध विकतो. तिच्यामागचा रोग शोधणे हे त्याचे काम नसते आणि ते त्याला येतही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अळंबीत असते तरी काय?

ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी. शंभर ग्रॅम ताज्या अळंबीतून साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, त्या हिशेबाने हा वाटा लहानच. पण प्रथिने चांगल्या प्रतीची, चरबी नगण्य, साखर नाही, तंतू भरपूर. 'ब' गटातली काही जीवनसत्त्वे, विशेषतः रायबोफ्लेविन आणि नायसिन, त्यात चांगल्या प्रमाणात असतात आणि शरीरात अन्नाची ऊर्जा होताना ती लागतात. मधुमेही माणसाने मटकीच्या उसळीसोबत धिंगरीची भाजी खाल्ली तर मी त्याला शाबासकीच देईन.

लोहाचा हिशेब मात्र वेगळा आहे. शंभर ग्रॅम ताज्या अळंबीत लोह अर्धा ते सव्वा मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन ६ आहे, तिने रोज पाटीभर अळंबी खाल्ली तरी रक्त भरून येणार नाही. आणि कॅप्सूलमध्ये भुकटी असते ती अर्धा ग्रॅम! बी-१२ जीवनसत्त्वाचेही तेच. शाकाहारी माणसे "मशरूममधून बी-१२ मिळते" असे कुठेतरी वाचून येतात. आपण खातो त्या अळंबीत ते नावापुरतेच असते. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळते, किंवा मग गोळी-इंजेक्शनातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात बहुसंख्य स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले होते. त्या काळी ही गोष्ट डॉक्टरांनाही नवीन होती.

एका जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र अळंबी खरोखर कामाची आहे, ते म्हणजे 'ड'. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि ऊन लागले की त्याचे 'ड' जीवनसत्त्व बनते, जसे आपल्या कातडीत बनते तसेच. बाजारातली बटण अळंबी अंधाऱ्या खोलीत वाढवलेली असते, त्यामुळे तिच्यात ते जवळजवळ नसते. पण चिरून, पसरून दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवली तर चांगल्यापैकी तयार होते आणि भाजी शिजवल्यावरही बरेचसे टिकते. सबंध दिवस घरात किंवा दुकानात बसणाऱ्यांचे, अंग दुखते, पिंडऱ्या दुखतात, जिना चढवत नाही, असे दुखणे पुष्कळदा 'ड'च्या कमतरतेचे असते. त्यांनी ही युक्ती जरूर करावी. खर्च काहीच नाही.

आता औषधी म्हणवल्या जाणाऱ्या अळंबीविषयी. बाटल्यांवर दोन नावे हमखास दिसतात, गॅनोडर्मा आणि कॉर्डिसेप्स.

गॅनोडर्मा म्हणजे चीन-जपानमध्ये शेकडो वर्षे औषधात वापरली जाणारी लाकडासारखी कठीण, चकचकीत अळंबी. तिच्यावर संशोधन पुष्कळ झाले, पण बहुतेक काचनळीत आणि उंदरांवर. माणसांवरच्या चाचण्यांचा काटेकोर आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला आहे. मधुमेही रुग्णांमध्ये हृदयरोगाचा धोका कमी करण्यासाठी तिचा उपयोग होतो याला आधार मिळत नाही, असे त्यांच्या २०१५च्या आढाव्यात आहे. कर्करोगावर मुख्य उपचार म्हणून वापरावी असा पुरावा नाही, असे २०१६च्या आढाव्यात आहे; नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून काही रुग्णांना उपयोग होत असेल, इतपतच तो आढावा जातो. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण आपल्या मजूर बाईच्या थकव्याशी याचा काही संबंध नाही.

कॉर्डिसेप्स म्हणजे हिमालयातली कीडाजडी. जमिनीखालच्या अळीच्या अंगात ही बुरशी शिरते, तिला मारते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळले की अळीच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. लाखो रुपये किलोने विकली जाते. ताकदीचे औषध म्हणून तिची जगभर कीर्ती झाली ती १९९३ साली. चीनमध्ये मा जुनरेन नावाच्या प्रशिक्षकाच्या मुली एकाएकी विश्वविक्रम मोडू लागल्या. बीजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत वांग जुनशिया हिने दहा हजार मीटरचा विक्रम एका दमात जवळजवळ ४२ सेकंदांनी मोडला. प्रशिक्षक म्हणाले, कीडाजडी आणि कासवाच्या रक्ताचा हा प्रताप! व्यापाऱ्यांना आणखी काय पाहिजे? पुढे २०००च्या सिडनी ऑलिंपिकआधी याच प्रशिक्षकाच्या सहा धावपटूंना रक्ततपासणीत संशय आल्यामुळे संघातून वगळले गेले, आणि २०१६ साली खेळाडूंचे एक जुने पत्र प्रसिद्ध झाले. त्यात वर्षानुवर्षे उत्तेजक द्रव्ये घ्यायला लावल्याचे लिहिले होते. ही दुसरी बातमी मात्र बाटलीवर कोणी छापत नाही. आपल्याकडच्या बाटलीत असते ती बहुधा हिमालयातली कीडाजडीही नसते. तांदळावर प्रयोगशाळेत वाढवलेली तिची वेगळी जात असते. तिच्यावर माणसांत झालेल्या चाचण्या छोट्या आहेत. व्यायाम करणाऱ्या निरोगी तरुणांच्या दमात काहींमध्ये थोडा फरक दिसला, काहींमध्ये काहीच नाही. रक्त कमी असलेल्या माणसाने त्यावरून आशा धरू नये.

बुरशीपासून औषध होत नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. पेनिसिलीन बुरशीचेच. आपल्या जिल्ह्यात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली ती त्यासाठीच. पण तिथे बुरशीतले नेमके द्रव्य वेगळे काढून, मोजून, कोणत्या जंतूवर किती मात्रा लागते हे ठरवून कुपीत भरले गेले. कोकणात फणसाच्या खोडावर येणारी कठीण अळंबी, फणसोंबा, सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात, लाळ फार गळत असेल किंवा तोंड आले असेल तर. हा उपयोगही ठरलेल्या तक्रारीसाठी, ठरलेल्या जागी. चरकसंहितेत छत्राकांचा उल्लेख आहे तो आहाराच्या प्रकरणात. सर्पछत्रक सोडून बाकीची छत्राके थंड, गोड, पचायला जड आणि सर्दी करणारी, असे तिथे म्हटले आहे. थकवा घालवतात असे काही त्या वर्णनात नाही. मनुस्मृतीने तर कांदा-लसणाच्या पंक्तीत बसवून ती निषिद्धच ठरवली, म्हणून काही घरांत अजूनही चालत नाहीत. त्यांचे काही बिघडते असे मला दिसलेले नाही.

कॅप्सूलने नुकसान तर होत नाही ना, असे लोक विचारतात. बहुतेकांचे पैशाचे होते. पण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर गॅनोडर्माने रक्तस्राव वाढू शकतो, आणि त्याची भुकटी महिनोन्महिने घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते. तेव्हा घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. आणि सगळ्यात मोठे नुकसान म्हणजे वेळ. त्या बाईंचे तीन महिने गेले.

रानातल्या अळंबीबद्दल सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण आपल्या भागात ती खाल्ली जाते आणि चवीला तिच्यासारखी दुसरी नाही. श्रावणाच्या सुमारास वारुळावर पांढऱ्या छत्र्यांचा ताटवा उगवतो. ही खरे तर वाळवीची शेती. वाळवी चावलेल्या पाल्यापाचोळ्याच्या गठ्ठ्यावर ही बुरशी वारुळात वाढवते, तिच्याकडून तो पाला कुजवून घेते आणि खाते. पाऊस झाला की तीच बुरशी वर छत्री काढते. हलक्या हाताने उपटली तर खाली मुळासारखा लांब देठ खोल वारुळाकडे गेलेला दिसतो. माणसाला तिची लागवड अजून साधलेली नाही.

डोंगरातल्या जाणत्या म्हाताऱ्या बाया ही अळंबी ओळखतात, कारण त्यांनी लहानपणापासून प्रत्येक पावसाळ्यात आई-आजीच्या मागे फिरून ती त्याच जागी पाहिलेली असते. ही ओळख फोटो पाहून येत नाही, मोबाईलवर तर नाहीच. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका घरातली तिघे जण रात्री अकराला माझ्याकडे आली. घरामागच्या गवतातल्या मोठ्या पांढऱ्या छत्र्या संध्याकाळी रांधल्या होत्या. दोन तासांत तिघांनाही उलट्या-जुलाब. सलाईन लावून पहाटेपर्यंत सावरली. लवकर उलट्या झाल्या हे त्यांचे नशीब, कारण लवकर त्रास देणारी विषारी अळंबी सहसा जीव घेत नाही. ज्या अळंबीने सहा ते बारा तास, कधी त्याहूनही उशिरा त्रास सुरू होतो, ती खरी घातकी. आधी उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरे वाटते, माणसे घरी परततात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ होऊन यकृत निकामी होते. एप्रिल २०२२मध्ये आसामात अशी रानअळंबी खाऊन तेरा माणसे दगावली. त्यांत बहुतेक चहाच्या मळ्यांत राबणाऱ्यांच्या घरची.

भाजीत चांदीचे नाणे टाकावे, काळे पडले तर विषारी. लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो का पाहावे. किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसाला चालते. हे सगळे समज चुकीचे आहेत. ते घातकी विष शिजवून, उकळून, वाळवून जात नाही. अळंबी खाल्ल्यावर उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नये. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे, खाल्लेल्यांपैकी ज्यांना त्रास नाही त्यांनाही न्यावे, आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. ती ओळखण्यासाठी लागते. आणखी एक: द्राक्षांच्या बागा, टोमॅटोचे प्लॉट यांच्या बांधावरची, फवारणीखालची अळंबी ओळखीची असली तरी घेऊ नये. ती आजूबाजूचे विष शोषून घेते.

हौस असेल तर धिंगरी घरी करा. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा आपल्याकडे आहेच. तो भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत बियाण्याचे थर देत भरायचा. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते आणि पुढे आठवडाभरात तोडा सुरू होतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळंबी प्रकल्पात शिकवतात. तोडताना नाकाला फडके बांधावे, तिच्या बारीक भुकटीने काहींना खोकला जडतो. अळंबी कच्ची खाऊ नये. नीट शिजवल्याशिवाय ती पचत नाही.

आणि थकव्याचे काय करायचे? पंधरा दिवसांहून जास्त टिकलेला, झोप घेऊनही न जाणारा थकवा असेल तर पहिल्यांदा हिमोग्लोबिन तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या दोघींपैकी एक. ते ठीक निघाले तर साखर, थायरॉईड, बी-१२. सोबत संध्याकाळचा ताप, खोकला, वजन उतरणे असेल तर क्षयाची तपासणी. पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी निघाले तर पोटात कुठे रक्त जाते का, हे पाहिल्याशिवाय नुसत्या गोळ्या देऊ नयेत. मूळव्याधीचे रक्त लोक सांगायला लाजतात. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायातून आकडेकृमी शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात, म्हणून जंताची गोळीही लागते. सगळ्या तपासण्या चांगल्या येऊनही माणूस थकलेला असतो, तेव्हा मी झोपेची आणि घरातल्या काळजीची चौकशी करतो. पुष्कळदा उत्तर तिथे सापडते.

लोहाची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि ती घेतली जात नाही, ही माझी जुनी तक्रार. पोटात मळमळते, शौच काळे होते, म्हणून बाया ती फडताळात ठेवून देतात. शौच काळे होणे अपेक्षितच आहे, घाबरू नये. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या. चहा त्याच्या आगेमागे तासभर तरी नको. चहा लोह शोषू देत नाही. रक्त भरल्यावरही तीन महिने चालू ठेवा, साठा भरायचा असतो. जेवणात अळीव, कारळ्याची चटणी, रानातल्या पालेभाज्या, हरभरा, आणि चालत असेल त्यांना मटण-काळीज असू द्या. आपल्याच डोंगरउतारावर पिकणारी खुरासणी लोहाच्या बाबतीत अळंबीच्या कितीतरी पुढे आहे, पण तिचे चित्र कोणी बाटलीवर छापत नाही.

त्या बाईंना मी सरकारी रुग्णालयात पाठवले. शिरेतून लोह दिले गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, तिच्यावर उपचार सुरू झाले. जेठात हिमोग्लोबिन साडेअकरावर आले होते.

श्रावणात त्या पुन्हा आल्या, तपासणीची तारीख नसताना. सागाच्या पानात बांधलेली पुडी टेबलावर ठेवली. उघडली तर वारुळावरची अळंबी, मातीसकट.

"कोणी काढली?" मी विचारले.

"सासूबाईंनी. वर्षानुवर्षं एकाच वारुळावरची काढतात त्या."

त्या रात्री आमच्या घरी तिचे कालवण झाले.